राजाचा तांब्या रिता का होई

“पी,” राजा म्हणाला.

“नाही,” धुरपदा म्हणाली.

राजा म्हणाला, हा हुकूम आहे. धुरपदा म्हणाली, असेल. राजा म्हणाला, तू प्यायली नाहीस तर मी मरेन. धुरपदा म्हणाली, मग तुम्ही आधी प्या. राजा म्हणाला, अगं बाई, तेच तर जमत नाहीये. आणि दोघंही बारवेच्या पायरीवर समोरासमोर, उन्हात, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण मागं सरायला कुणी तयार नाही.

आता तुम्ही म्हणाल, आजी, ही कसली गोष्ट, भांडणाच्या मधूनच? मग काय करू? हातपाय धुवायला एवढा वेळ लावलात. गोष्ट काही तुमच्यासाठी ताटकळत बसत नाही. ती निघाली, चालत राहिली, आणि तुम्ही अंथरुणात शिरलात तेव्हा या भांडणापाशी येऊन पोचली होती. बरं, आलात ना, आता सरका जरा, मला पाठ टेकू द्या. मुक्ता, तू या बाजूला. जयू, तुझे गार पाय माझ्या पोटरीला लावू नकोस. हं. आता गोष्टीला हाक मारून मागं बोलावते.

तर राजा होता एक, आणि त्याचं नाव रणधवल. त्याचं राज्य कातळपूर. नाव तसंच गाव, जिकडं बघाल तिकडं काळा कातळ. झाडं होती, शेतं होती, माणसं होती, पण सगळी त्या कातळाच्या भेगांतून वर आलेली, चिवट. आणि अख्ख्या राज्यात पाण्याची जागा एकच. एक मोठी बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, बरं का. सत्तर पायऱ्या उतरायच्या, तेव्हा कुठं पाणी हाताला लागायचं. त्या पाण्यात साती आसरा राहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. त्या कुणाला दिसत नाहीत, पण पाणी त्यांचं.

ही बारव खणली राजाच्या पणजोबानं. कातळ फोडून फोडून त्याच्या हाताची सालं निघाली, तरी खाली कोरडंच. मग एक दिवस आतून आवाज आला. बहिणींनी विचारलं, पाणी देऊ, पण पहिला घोट कुणाचा? पणजोबा म्हणाला, आधी माझ्या माणसांचा, सगळ्यात शेवटी माझा. बहिणींना उत्तर आवडलं. पाणी भसकन वर आलं. पण त्यांनी बजावून ठेवलं, की ज्या दिवशी या राज्यातलं एक जरी माणूस बिनपाण्याचं राहील, त्या दिवशी राजाच्या तांब्यात पाणी ठरणार नाही.

चार पिढ्या हे सुरळीत चाललं. सकाळी माणसं प्यायची, गुरं प्यायची, उन्हं कौलांवर आली की राजा प्यायचा. मग दिवसभर ज्यानं त्यानं हवं तेवढं प्यावं. नियम काय तो पहिल्या घोटाचा.

आणि राजाच्या वाड्याचं पाणी भरायची धुरपदा. तिची आजी भरायची, मग आई, मग ती. पहाटे डोक्यावर चुंबळ ठेवायची, तिच्यावर घागर, आणि सत्तर पायऱ्या खाली. खाली गेली की आधी हात धुवायची, एक ओंजळ भरून स्वतः प्यायची, ‘हं’ म्हणायची आणि मग घागर बुडवायची. रणधवल तान्हा होता तेव्हा पाण्याचा पहिला थेंब त्याच्या जिभेवर ठेवला तो तिनंच. जीव होता तिचा त्याच्यावर. पण सांगायची नाही कधी. काही माणसं असतात तशी, कामात सगळं बोलून टाकतात आणि तोंडानं नुसतं ‘हं’.

मग एकदा काय झालं, शेजारच्या राज्यातला एक राजपुत्र पाहुणा म्हणून आला. अंगरखा जरीचा, आणि नाक इतकं वर की पाऊस आला असता तर आत पाणी गेलं असतं. तो सकाळी फिरायला म्हणून बारवेवर गेला आणि त्यानं धुरपदाला ओंजळीनं पिताना पाहिलं. दुपारी पंगत बसली. भरल्या पंगतीत तो हसत हसत म्हणाला, कातळपूरची रीत न्यारी आहे, पाणी भरणारी आधी पिते आणि राजा तिचं उष्टं पितो.

पंगत हसली. मोठमोठी माणसं हसली, पान लावता लावता हसली.

आता यात उष्टं कसलं, सांगा मला. ओंजळ तिची, पाणी बारवेचं. बारव कधी उष्टी होते का? मी असते तर त्या राजपुत्राला भरल्या ताटावरून उठवला असता. धुरपदा तिथंच उभी होती, पाणी वाढत. तिनं ऐकलं. राजानंही ऐकलं. पण राजाला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणसाची अक्कल चार पावलं मागं राहते. तो म्हणून गेला, “उद्यापासून जो पाणी भरील तो मालकानंतर पिईल.”

झालं. एवढं एकच वाक्य. राजपुत्र ढेकर देऊन निघून गेला, परत काही तो या गोष्टीत यायचा नाही. राजाही बोललेलं विसरून गेला. पण राज्य विसरलं नाही. राजा एक पाऊल टाकतो, लोक दहा टाकतात. घराघरांत पुरुषांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, आपल्याकडंही आता तसंच. आता सांगा, घरोघरी पाणी कोण भरत होतं?

बरोबर बोललीस मुक्ता. जयू, तू पण ऐकून ठेव.

दुसऱ्या दिवशी उन्हं कौलांवर आली. राजानं तांब्या उचलला. काठोकाठ भरलेला. ओठाला लावला, आणि रिता. सांडला नाही, गळला नाही, नुसता रिता. आत तळाला राजाला स्वतःचंच तोंड दिसलं, बावचळलेलं. पुन्हा भरला, पुन्हा रिता. मग वाटीत ताक आणलं. ताक गेलं. मग शहाळं फोडलं. मलई राहिली, पाणी गेलं. शेवटी त्यानं दोन काकड्या खाल्ल्या, तेवढाच घशाला ओलावा. त्या काकड्यांनी त्याला पुढं तीन दिवस तगवलं, हे लक्षात असू द्या. काकडी नको म्हणून ताटात सरकवून ठेवणारे कोण ते मी नाव घेत नाही.

राजाला पणजोबांचा शब्द ठाऊक होता. तो म्हणाला, कुणीतरी प्यायचं राहिलंय. कारभाऱ्याला सांगितलं, दवंडी पिटा, सगळ्यांनी चौकात येऊन पाणी प्या. कारभाऱ्यानं दवंडी पिटली. लोक आले, रांगा लागल्या, धुरपदा वाटत राहिली, लोक पीत राहिले. कारभाऱ्यानं येऊन सांगितलं, महाराज, झाडून सगळे प्यायले. राजानं तांब्या उचलला. रिता.

त्या दिवशी दुपारपासून राजाचं डोकं ठणकायला लागलं. इथं, दोन्ही कानशिलांत. तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली. शू झाली ती थोडीशीच, आणि हळद कालवल्यासारखी पिवळीजर्द. हसू नका. राजालाही होते. आणि बघायची असते ती, लाजायचं काही नाही त्यात. अंग स्वतः होऊन सांगत असतं, बाई गं, आत पाणी कमी पडलंय. आपण मात्र बघत नाही, आणि मग कुणी दृष्ट लावली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसतो.

राजाच्या वाड्यातही तेच झालं. आधी आला ज्योतिषी. त्यानं बोटं मोजली आणि सगळं खापर शनीवर फोडलं. मग आला मांत्रिक. त्यानं लिंबू उतरवलं, आणि ते लिंबूसुद्धा राजाला चोखू दिलं नाही. शेवटी आला म्हातारा वैद्य. तो तेवढा खरं बोलला. राजाचा हात हातात घेतला, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसेना, तशीच उभी राहिली. वैद्य म्हणाला, सुंठेचा लेप लावून काय उपयोग, यांना पाणी पाहिजे. परवा सूर्य मावळायच्या आत पाणी पोटात गेलं नाही, तर मला बोलावू नका, माझ्या हातात काही उरणार नाही.

आता राजाचं डोकं नुसतं दुखत होतं असं नाही, बरं का. ते चालेनासं झालं. मन म्हणजे काय वेगळ्या घरात राहतं का? ते याच अंगात राहतं, आणि अंग कोरडं पडलं की तेही तडकतं. एरवी हा राजा मोठा न्यायी. पण दुसऱ्या दिवशी दरबारात दोन बहिणी एका शेळीवरून भांडत आल्या. राजानं दोघींचं ऐकलं, ऐकता ऐकता मधलं विसरला, आणि शेवटी चिडून शेळीलाच कैदेत टाकली. शेळीनं जी ओरडायला सुरुवात केली ती थांबेचना. मग अंगणातल्या आंब्याची पानं सळसळतात म्हणून त्यानं आंब्याला हद्दपारीची शिक्षा दिली. आंबा काय जातोय? तो उभाच. राजा म्हणाला, बघा, माझं कुणीच ऐकत नाही. आणि त्याला रडू फुटलं. पण डोळ्यांतून पाणी येईना. रडायलासुद्धा पाणी लागतं, पोरांनो.

हे सगळं बघत होती राणी कमळजा. नवऱ्याआधी कसं प्यायचं म्हणून तीही थांबलेली, तिचंही डोकं दुखत होतं, तिलाही उठताना अंधारी येत होती. पण ती स्वभावानं गोड आणि जिभेनं मिरची. ती राजाजवळ येऊन बसली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि विचारलं, काल चौकात कोण कोण प्यायलं? राजा म्हणाला, प्रजा. राणी म्हणाली, “प्रजा म्हणजे नुसत्या मिशा का हो?”

राजाला कळेना. मग राणीनं समजावून सांगितलं. पाणी भरणारीनं मालकानंतर प्यायचं, अशी टूम निघालीय. मालक शेतावर, मालक बाजारात, मालक पारावर. बायका घागरीशेजारी बसून वाट बघतात. आणि ज्या शेतावर जातात त्या पाणी असूनही पीत नाहीत. कारण प्यायलं की जावं लागतं, आणि जायला आडोसा नाही. म्हणून सकाळपासून तोंड मिटून कामं करतात, संध्याकाळी डोकं धरून बसतात आणि पोरांवर खेकसतात.

राजाची मान खाली गेली. ही टूम कुठून निघाली ते त्याला आठवलं नाही, सुकलेल्या डोक्यात आठवण राहत नाही. पण तो उठला. त्यानं वाटेवाटेवर, शेताशेताच्या कडेला आडोसे बांधायला लावले, दार लावता येईल असे. दुसरी दवंडी पिटली, बायकांनी कुणाची वाट बघायची नाही. आणि राणीला म्हणाला, तू पण पी. राणी शहाणी. तिनं नाही-होय केलं नाही. नवऱ्याकडं बघत बघत दोन तांबे सावकाश संपवले आणि पदरानं तोंड पुसलं.

मुक्ता, इकडं बघ. तुझी पाण्याची बाटली शाळेतून भरलेली परत येते. मला दिसत नाही असं समजू नकोस. का येते तेही मला माहीत आहे. उद्या मी येणार आहे तुझ्या बाईंना भेटायला. तुझी बाटली मी त्यांच्या टेबलावर ठेवीन आणि मुलींच्या संडासाला कडी का नाही ते विचारीन. अगं, लाज कसली? लाज वाटायची असेल तर त्यांना वाटू दे. तू बाटली संपव.

हं. कुठं होते मी? बायका प्यायल्या. राजानं मोठ्या आशेनं तांब्या उचलला. रिता.

आता तिसरा दिवस उजाडला. वैद्यानं सांगितलेला शेवटचा दिवस. राजा म्हणाला, दवंडीवर भरवसा नाही, मी स्वतः घरोघर जातो. त्याला चालवत नव्हतं, तरी काठी घेऊन निघाला. आणि पाणी कोण घेणार बरोबर? धुरपदाच. पुढं राजा काठी टेकत, मागं धुरपदा डोक्यावर घागर घेऊन. ऊन असं की कातळावर भाकरी भाजावी.

पहिल्या घरात एक आजोबा खाटेवर पडलेले. लोक म्हणत होते, म्हाताऱ्याला भ्रम झालाय, सुनेला आई म्हणतो. राजानं विचारलं, बाबा, पाणी प्यायलात? ते म्हणाले, तहानच नाही लागत. म्हातारपणी तसंच होतं, बरं का. तहान मुकी होते. घसा कोरडा पडतो, पण हाक मारत नाही. म्हणून म्हाताऱ्यांना विचारायचं नसतं, आणून द्यायचं असतं. धुरपदानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजलं. घटाघटा नाही. वाळलेल्या कुंडीत एकदम बादली ओतली तर पाणी वरून वाहून जातं, तसंच असतं ते. तासाभरानं आजोबांनी सुनेला सून म्हणून हाक मारली आणि वर तिच्या आमटीला नावं ठेवली. सुनेला इतका आनंद झाला, ती आमटी घेऊन नाचायचीच बाकी होती.

असं एकेक घर झालं. बाळंतिणीला पाजलं. तापानं फणफणलेल्या लोहाराला पाजलं. कैदखान्यात जाऊन कैद्यांना पाजलं, शेळीलाही पाजलं. धुरपदाची घागर रिकामी झाली की ती बारवेवर जायची, भरून आणायची. किती वेळा गेली ते तिलाच ठाऊक. सूर्य कलायला लागला. राज्यात एक घर उरलं नाही. राजानं वेशीवर उभं राहून तांब्या उचलला.  सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. राणी कमळजानं डोळे मिटून घेतले होते.

रिता.

 मग राजा सरळ बारवेकडं निघाला. साती बहिणींनाच विचारतो म्हणाला, कुणाचं राहिलंय सांगा, नाहीतर मला तुमच्यातच घ्या. पायऱ्या उतरायला लागला. वरून माणसं बघत राहिली. खाली पाण्याच्या जवळ गेला तर तिथं धुरपदा बसलेली. घागर शेजारी आडवी पडलेली. ती भरायला आली होती आणि तिला चक्कर आली होती. भिंतीला धरून ती उठायला बघत होती. ओठांना भेगा, भेगांत रक्त. डोक्याला फडकं करकचून बांधलेलं, तीन दिवस दुखत होतं तिचं डोकं. राजाला बघून म्हणाली, उशीर झाला महाराज, आत्ता भरते.

राजा तिच्याकडं बघत राहिला. आणि मग त्याच्या त्या सुकलेल्या डोक्यात ती पंगत आली. राजपुत्र आला. हसणारी तोंडं आली. स्वतःचं वाक्य आलं.

“धुरपदा,” तो म्हणाला, “तू कधीपासून प्यायली नाहीस?”

ती म्हणाली, तुमच्यानंतर प्यायचं ना. तुम्ही कुठं प्यायलात?

म्हणजे बघा आता. राजा थांबलेला तिच्यासाठी आणि ती थांबलेली राजासाठी. मधे सत्तर पायऱ्यांची बारव पाण्यानं भरलेली. सगळ्या राज्याला पाणी पाजणारी बाई, आणि तिला कुणी माणसांत धरलंच नव्हतं. कारभाऱ्यानं धरलं नाही, राणीनं धरलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिनं स्वतःलाही धरलं नाही.

मग सुरू झालं ते भांडण. तुम्ही आलात तेव्हा चाललं होतं ते हेच.

राजा म्हणाला, पी. ती नाही म्हणाली. राजानं हुकूम केला, ती असेल म्हणाली. राजानं सांगितलं, मी माझा शब्द परत घेतो. ती म्हणाली, राजाचा शब्द म्हणजे काय सांडलेले तांदूळ आहेत, वेचून परत सुपात घालायला? राजा चिडला, म्हणाला, तुझ्या हट्टापायी मी मरेन. ती म्हणाली, तुम्ही प्या, मी तांब्या धरते. धरलाही तिनं, आणि तांब्या रिता झाला. तरी तिची मान हलली नाही. शेवटी ती म्हणाली, आणि मला काय झालंय, मला तहान बिहान लागत नाही, आमच्या घरात कुणालाच कधी लागली नाही.

हे खोटं होतं, बरं का. तिला राग आलेला होता. पंगतीतल्या त्या हसण्याचा राग. ज्याच्या जिभेवर आपण पहिला थेंब ठेवला, त्यानंच आपल्या ओंजळीला उष्टं होऊ दिलं, याचा राग. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याला दिलेलं असतं ना, त्यांना मागणं फार जड जातं. हात पुढं करण्यापेक्षा त्यांना मरण सोपं वाटतं. मूर्खपणाच तो. पण मला तो मूर्खपणा कळतो.

सूर्य बारवेच्या काठाला टेकला. वरून राणीनं हाक मारली, उन्हं चालली.

 मग राजा भांडायचं थांबला. त्यानं ती आडवी पडलेली घागर उचलली. पाच पायऱ्या खाली गेला, वाकला, घागर बुडवली. राजे लोकांना कुठं येतंय घागर बुडवायला? ती आधी तरंगली, मग भसकन भरली, मग त्यालाच ओढायला लागली. तिनं वरून सांगितलं, तिरकी धरा. त्यानं तिरकी धरली. पाच पायऱ्या चढता चढता अर्धं पाणी त्याच्या अंगावर सांडलं. उरलेलं घेऊन तो आला आणि तिच्या पायाखालच्या पायरीवर बसला. ते पाणी त्याच्या स्वतःसाठी नव्हतं, म्हणून घागरीत ठरलं.

तो म्हणाला, त्या दिवशी पंगतीत मी हसणाऱ्यांना गप्प करायला हवं होतं. मी तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाला. पी म्हणाला नाही. मग त्यानं तिला एक गोष्ट विचारली. साधी गोष्ट. पण धुरपदाला तिच्या अख्ख्या जन्मात ती कुणी विचारली नव्हती, नवऱ्यानं नाही, पोरांनी नाही.

थांबा. तिनं काय उत्तर दिलं ते शेवटी सांगणार. आधी पुढचं सांगून टाकते, म्हणजे ते ऐकलं की तुम्ही सरळ डोळे मिटाल.

पुढं सगळं चांगलं झालं. ती प्यायली, आणि मग राजाचा तांब्या भरलेलाच राहिला. तो घोट घोट प्यायला. त्याचं डोकं दुखायचं काही चुटकीसरशी थांबलं नाही, तसं होत नसतं. पण रात्री शांत झोप लागली आणि सकाळी त्याला सगळ्यांची नावं आठवली. त्यानं शेळी सोडली, तिला गूळ दिला. आंब्याची माफी मागितली, आंब्यानं पानं हलवली. आणि कातळपुरात नवी रीत पडली, की जो पाणी भरील त्याची ओंजळ पहिली. आता पाणी म्हणजे काही संजीवनी नव्हे, हे पण सांगते. ताप आला तर वैद्याकडंच जायचं, हाड मोडलं तर ते पाण्यानं जुळत नाही. पण नुसत्या पाण्यावाचून दुखणारी डोकी आणि होणारी भांडणं त्या राज्यातून गेली. भांडणं उरली ती खरीखुरी, मिटवायला बरी. सगळी माणसं सुखानं जगली, धुरपदाही जगली, म्हातारी होऊन जगली, आणि शेवटपर्यंत सगळ्यांवर खेकसत जगली.

जयू झोपला वाटतं. मुक्ता, पांघरूण घे गळ्यापर्यंत. तांब्या उशाशी भरून ठेवलाय, वर फुलपात्र आहे. आता डोळे मीट, मिटलेस की सांगते.

राजानं विचारलं होतं, “धुरपदा, तुला तहान लागलीय का?” ती नेहमीसारखी नाही म्हणायला गेली. तोंड उघडलं, पण ‘नाही’ काही बाहेर येईना. तिनं घागरीकडं बघितलं, पायरीवर बसलेल्या त्या ओल्याचिंब राजाकडं बघितलं, डोक्याचं फडकं सोडलं, आणि म्हणाली, “हो रे बाळा, मला तहान लागलीय.”